इंझोरीची हवा

इंझोरी, १४ नोव्हेंबर १९७७

बेबीले सप्रेम जयभीम.

पाच वर्षांनी तुहा कागद आला अन् तोही कामाचा. वर 'प्रिय भागिरथा' लिवलं. पाच वर्षं ही प्रिय कुठी मेली होती बाई? माह्या पोरीच्या नावाले तू आली नाई, माह्या बाबाच्या मातीले आली नाई. आता तुले माह्या घरावरचं मातीचं धाबं पाहिजे, तं प्रिय!

अन् एक सांग, तू 'मी पाठवते', 'मी कळवते' असं काहून लिवतं? आपल्याकडं बाया 'मी जातो, मी येतो' म्हणतात, विसरली? गोव्याचं पाणी लागलं तुले. मी दिवसभर शाळेत पोराईले शुद्ध बोलाले लावतो, त्यानं जीभ वाकडी होते. तुह्याशी बी शुद्ध लिवलं तं तू पुरी परकी होशीन. तशी झालीच आहे म्हणा.

पेटी पोचली. माहे मालक कारंज्याच्या जिनात कापसाच्या कामावर आहेत, त्याईनंच स्टॅण्डवरून आणली. स्टीलची परात नीट आहे, स्पिरिटचा डबा नीट आहे. सहा बाटल्यांतल्या दोन फुटल्या. एसटीवाले पेट्या काय फुलासारख्या झेलतात का!

तुहं काम मले समजलं ते असं. कारखान्यातलं कोणतं तरी तेलकट औषध हवेत उडते, हवेतून समुद्राच्या पाण्यात उतरते अन् पाण्यातून परत हवेत जाते. समुद्र ते घेऊन राह्यला का देऊन राह्यला, हे तुले जहाजावरून पाहाचं आहे. त्याच्याशी ताडून पाहाले एक असं गाव पाहिजे जिथं समुद्र नाई, कारखाना नाई, कायीच नाई. अन् 'कायीच नाई' म्हटल्याबरोबर तुले इंझोरी आठवली. वा!

करतो. परातीले ग्लिसरिनचा हात फिरवून पंधरा दिवस उघड्यावर ठेवीन, मग स्पिरिटनं धुऊन बाटलीत भरून धाडीन. तुह्यासाठी नाई करत. तुही माय लिलामावशी दारात येऊन बसली, 'कर व भागी, तुह्यासारखी काळजी कोणी घेणार नाई' म्हणाली, म्हणून करतो.

तुही पेटी पाह्यली अन् मले माही ट्रंक आठवली. सासष्टचा जून, कारंज्याचं स्टॅण्ड, औरंगाबादची गाडी. दोघींचे कॉलेजच्या होस्टेलचे फारम मंजूर झाले होते. मॅट्रिकले माहे तुह्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. तू आधी चढली, खिडकीत बसली. माहा पाय पायरीवर होता तवा बाबानं टपावरची माही ट्रंक खाली घेतली. मालेगावचे पाहुणे उद्याच पाहाले येऊन राह्यले म्हणे. तू खिडकीतून हात हालवला. मी बी हालवला. तेवढंच.

असो. परात कोणत्या दिशेले ठेवाची ते लिव.

भागिरथा


इंझोरी, ८ जानेवारी १९७८

बेबीले जयभीम.

दोन बाटल्या ह्या पार्सलात धाडल्या. चिठ्ठीवर तारीख, वारा, ऊन, सगळं लिवलं आहे. तुह्या त्या गोव्याच्या संस्थेतला कोणी पँटवाला बी इतकं नाई लिवणार.

धाब्याची माती उडून परातीत पडू नये म्हणून तू खाली कायीतरी स्वच्छ अंथर म्हणाली होती. म्या नवंकोरं जाड कापड अंथरलं. दोनदा धुऊन, वाळवून. पोरीले धाब्यावर चढू देत नाई, मांजर दिसली तं चप्पल फेकतो.

तुह्या मायनं तुहा जहाजावरचा फोटो अख्ख्या गावाले दाखवला. आधी विहारात दाखवला, मग पिठाच्या गिरणीवर, मग माह्या वर्गात येऊन दाखवला. पोरं विचारतात, बाई, ह्या कोण? म्हटलं, माही मैत्रीण आहे, तिले पोहता येत नाई. खरं आहे ना? तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात कोणं रडून घेतलं होतं, अन् कोणं ओढून काढलं होतं? ते फोटोत दिसत नाई.

पोटात दुखते माह्या. लिवून टाकलं, झालं. तुह्या अंगावर तो पांढरा कोट पाह्यला की मले वाटते, हा माह्या मापाचा शिवला होता.

आता ऐक. म्या वर्गात तुह्या समुद्राचा प्रयोग केला. शाळेच्या ट्रंकेत डांबराची एक गोळी, एका वाटीत पाणी, एका वाटीत गोडंतेल. झाकण लावून तीन दिवस ठेवलं. गोळी कशालेच टेकली नव्हती. उघडून पोराईले वास घ्याले लावला. पाण्याले वास जराकसाच, तेलाले भरमसाठ. मंग ती तेलाची वाटी उन्हात उघडी ठेवली, तं दोन दिवसांत तिचा वास कमी झाला. म्हणजे तेलानं हवेतून घेतलं अन् ऊन लागल्यावर परत सोडलं. मले वाटते, तुह्या समुद्राच्या तोंडावर बी दुधावरच्या सायीसारखं कायीतरी तेलकट असन. तुहं औषध आधी त्यात बसत असन, मंग खाली जात असन. थंडीत धरून ठेवत असन, उन्हाळ्यात सोडत असन. चुकलं असन तं हास. तू शिकलेली आहे.

भागिरथा


इंझोरी, १२ मार्च १९७८

बेबीले जयभीम.

कागद भेटला. सायीचं म्या बरोबर ओळखलं, तेच शोधाले तुमच्या मोठ्या साहेबाले दोन वर्षं लागले, असं तू लिवलं. बरं वाटलं.

इंझोरीचा आकडा मुंबईच्या बंदरापेक्षा नऊपट आला. इतक्या आतल्या गावची हवा अशी भरलेली असन तं समुद्र देत नाई, जमिनीवरून घेऊनच राह्यला, असं आता तू वीस एप्रिलले दिल्लीच्या मोठ्या सभेत वाचणार. ते वाचलं की तुही नोकरी पक्की होईन. अन् खाली आभारात माहं नाव छापणार. अभिनंदन.

ते औषध कशात घालतात तेही तू ह्याच खेपेले लिवलं. आग धरू नये म्हणून तंबूले, विजेच्या तारांले, ताडपत्र्याईले लावतात. वाचलं.

जास्त लिवत नाई. ऊन लागलं, डोकं दुखते. पुढच्या बाटल्या लागतात का ते कळव. नसन लागत तं बरंच.

भागिरथा


इंझोरी, ३० मार्च १९७८
(हा कागद तवा टाकला नाई. आता सोबत जोडतो.)

बेबी,

कसं लिवू? म्या धाब्यावर नवंकोरं कापड अंथरलं नव्हतं. ते ताडपत्रीचं फाटकं होतं.

परसाल जिनात कापसाची गंजी पेटली होती. त्यानंतर जिनाच्या भागचंदशेठनं मुंबईहून आग न धरणाऱ्या ताडपत्र्या आणल्या. त्यातली एक फाटली, तिचा तुकडा ह्याईनं घरी आणला. पाऊसपाण्याले कामी येईन म्हणून. तू स्वच्छ अंथर म्हणाली तवा घरात त्याच्याइतकं जाड दुसरं कायी नव्हतं. पण शेठच्या घरची टाकलेली वस्तू म्या वापरली, हे तुले सांगाची मले लाज वाटली. तू गोव्याले, पांढऱ्या कोटात. अन् मी तुह्या शास्त्राखाली जिनातलं फाटकं अंथरतो! म्हणून नवंकोरं लिवलं. हात दाखवून अवलक्षण.

तुह्या कागदात 'ताडपत्री' वाचलं अन् उठली. धाब्यावर गेली, कोपरा कापला, चुलीत टाकला. जळता जळेना. काळा कडू धूर निघाला, वळकटी झाली, विझला. दोन्ही खेपेले उन्हात तापून ते औषध त्याच तुकड्यातून उठून परातीत बसत होतं. नऊपट आकडा इंझोरीच्या हवेचा नाई, माह्या ताडपत्रीचा आहे.

हे मले बारा मार्चलेच समजलं होतं. ऊन गीन कायी लागलं नव्हतं.

आता पुढचं वाच, ते याच्याहून वाईट आहे. त्या दिवसापासून मी रोज म्हणतो, आज लिवतो. अन् रोज वाटते, काहून लिवू? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू दिल्लीले जाशीन, वाचशीन, टाळ्या भेटतीन. माहं नाव छापून येईन. अन् वर्षा दोन वर्षांनी दुसरा कोणी दुसऱ्या गावी परात ठेवीन, तं तुहा आकडा खोटा निघन, सगळे तुले हासतीन. मले कोण हासन? मी तं इंझोरीची मास्तरीण. तुले खाली उतरवतानी मी खिडकीतून पाहीन, असं एक दिवस मनात आलं. एक दिवस नाई. बरेच दिवस आलं.

आपण एका ताटात जेवलो, बेबी. अन् मले तुह्या पडण्याची वाट पाहाले गोड लागून राह्यलं. थू माह्या जिनगानीवर.


इंझोरी, ७ एप्रिल १९७८

बेबी,

तार भेटली असन: 'आकडा वाचू नको. चूक माझी. पत्र येते.' कारंज्याले जाऊन केली. तारमास्तर म्हणे, बाई, कोणता आकडा? म्हटलं, तुमचा नाई, तुमी पाठवा.

सोबतचा तीस मार्चचा कागद आधी वाच. शिव्या देऊन घे. मंग इकडं ये.

काल लिलामावशी आली. तुहा तिच्या नावचा कागद घेऊन. तिले वाचता येत नाई, हे तुले माहीत आहे, अन् तिचे कागद मीच वाचून दाखवतो हेही. तरी तू तसं लिवलं, का मुद्दाम लिवलं, देव जाणे. मी दारात बसून वाचाले लागली. तब्येत जप, डोळ्यात थेंब टाक, सगळं वाचलं. मंग आलं: 'माय, हे सगळं भागीमुळं झालं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, अजूनही आहे. ती गाडीत चढली असती तर आज मी तिच्या हाताखाली असते. साहेब म्हणाले, एवढा मोठा आकडा पुन्हा तपासून घ्या. मी म्हटलं, भागीच्या हातचं काम आहे, तपासायची गरज नाही.'

'गरज नाही'पाशी मी वाचाची थांबली.

मावशी म्हणे, 'काहून थांबली व? पुढं वाच ना.'

म्हटलं, 'मावशी, अक्षर लागत नाई.'

'तुले बेबीचं अक्षर लागत नाई? लहानपणी तिचं अर्धं गणित तूच लिवत होती!'

अकरा वर्षं मी हे ऐकाले तरसली, बेबी. कोणी तरी एकदा म्हणावं, भागी हुशार होती. अन् आलं ते असं आलं, की मलेच माह्या तोंडानं वाचावं लागलं, अन् वाचतानी माहीत होतं की ज्या हाताचा तू भरोसा केला त्याच हातानं तुले खड्ड्यात ढकललं. तू पोहत नाई, अन् ह्या वेळी मी काठावर उभी राहून पाहात होती.

मावशीले म्या सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'अजून चौदा दिवस आहेत ना? मंग अठी बसून काय करतं?' अन् मले हाताले धरून उठवलं. एसटीत बी माह्यासंगं बसली.

आता शेवटचं खोटं. दोन बाटल्या फुटल्या नव्हत्या. म्या चोरल्या.

तुही पेटी उघडली तवाच मनात आलं, जे ती करते ते मले जमत नाई का? माह्या मायची पितळेची परात घेतली. शाळा गावाबाहेर आहे, तिच्या टिनाच्या छपरावर, चारी बाजूनं मोकळी, टिनावर विटा मांडून त्यावर ठेवली. ताडपत्री नाई, कापड नाई. तुहंच ग्लिसरिन, तुहंच स्पिरिट. धाब्यावरची परात ज्या दिवशी मांडली त्याच दिवशी ही मांडली, ज्या दिवशी धुतली त्याच दिवशी ही धुतली. पहिल्या दोन्ही पाळ्या तशाच. तपासाची मशीन माह्याजवळ नाई, हे मले माहीत होतं. तरी भरून ठेवल्या. ट्रंकेत, लुगड्याखाली. त्याच ट्रंकेत. कधी मधी काढून उजेडात धरत होती. आपलं बी कायी आहे, एवढ्यासाठी.

त्या दोन्ही बाटल्या ह्या पार्सलात आहेत. इंझोरीची खरी हवा त्याच्यात आहे. तपास, अन् ह्या वेळी भागीच्या हातचं म्हणून सोडू नको. दोनदा तपास.

दिल्लीले काय करतं ते तू ठरव. माहं नाव कुठीच छापू नको.

भागी


इंझोरी, २० जून १९७८

बेबीले सप्रेम जयभीम.

दोन महिने तुहा कागद आला नाई. म्या समजून घेतलं की आता येणार बी नाई. रोज पोस्टमन दिसला की फळ्याकडं तोंड करत होती. काल आला, अन् एवढा जाड की पोस्टमननं हातात तोलून पाह्यला.

तू दिल्लीले जाऊन 'माझा आकडा चुकीचा आहे, मी तो मागं घेते' असं उभ्यानं सांगितलं. नोकरी पक्की झाली नाई, पुन्हा वर्षभराची कच्ची. हे वाचून मी रडली. खरं सांगतो, आधी जराकसं बरं बी वाटलं. मंग रडली. दोन्ही लिवतो, कारण आता तुह्यापाशी एकही खोटं ठेवाचं नाई असं ठरवलं आहे.

अन् माह्या बाटल्यांत जवळपास कायीच निघालं नाई! तीनदा तपासल्या म्हणे. इंझोरीची हवा तुह्या समुद्रावरच्या हवेपेक्षा बी साफ. म्हणजे समुद्र आमच्याकडून घेत नाई. मागं काठावरच्या कारखान्याईनं जे पाजलं तेच आता उन्हात तो परत देऊन राह्यला. पहिल्यापेक्षा ही मोठी गोठ आहे, असं तुहा मोठा साहेब बी म्हणतो. म्हणजे तू 'कायीच नाई'चं गाव म्हटलं म्हणून मी तुह्यावर चिडली होती, तं त्या कायीच नाईचंच काम पडलं. घ्या!

तू लिवतं, आता निबंधावर दोघींची नावं टाकतो. ('टाकतो' लिवलं. पाह्यलं म्या.) तुहं पहिलं, माहं दुसरं. असं कसं? मॅट्रिकले अकरा मार्क कोणाचे जास्त होते? साहेबाले विचार, मार्कलिस्ट अजून माह्या ट्रंकेत आहे. बरं, राहू दे, तुहंच पहिलं टाक. नोकरी तुही जाऊन राह्यली होती, माही नाई.

अन् ताडपत्रीचा तुकडा पार्सलानं धाड म्हणतं. जहाजाच्या डेकवर बांधून, बाजूले पाण्याची परात ठेवून, कपड्यातून किती उडते अन् पाण्यात किती बसते ते तुले पाहाचं आहे. चांगलं आहे. पण पार्सल मी धाडत नाई. एसटीवाल्याईचा भरोसा नाई, बाटल्या फुटतात.

दिवाळीची सुट्टी लागली की मी सोता घेऊन येतो. ह्याईले विचारलं. ते म्हणे, 'मले काय विचारतं, आठ दिवस भाकरी मी थापीन.' पोरगी मावशीपाशी राहीन. ताडपत्रीचा तुकडा गुंडाळून ट्रंकेत घातला आहे, चांगला दोन हात आहे. ट्रंक टपावर देणार नाई, मांडीवर घेऊन बसीन.

बंदरावर घ्याले ये. अन् बेबी, जहाजाच्या पायरीपाशी जरा मागं उभी राह्यजो. मी आधी चढीन.

तुही
भागी